झाड जगते पण वाढत नाही: नव्या फळबागेत पुन्हा पुन्हा येणाऱ्या गवताचा बंदोबस्त

पावसाळ्याच्या तोंडावर लावलेले पेरूचे, आंब्याचे किंवा सीताफळाचे कलम वर्षभराने पाहावे तर ते मेलेले नसते, पण वाढलेलेही नसते. उंचीत जेमतेम वीतभर फरक पडलेला, फुटवे बारीक, पाने लहान आणि खालची पाने फिकट पिवळी, ही तक्रार नाशिक जिल्ह्यात सिन्नरच्या मुरमाड माळापासून निफाडच्या काळ्या रानापर्यंत आणि पेठ-सुरगाण्याच्या डोंगरउतारापर्यंत सगळीकडे ऐकायला मिळते. मग खताची मात्रा वाढवली जाते, टॉनिकच्या फवारण्या होतात आणि शेवटी रोपवाटिकेला बोल लावला जातो. झाडाच्या बुंध्याभोवतीचे गवत मात्र दर दीड-दोन महिन्यांनी विळ्याने किंवा ग्रास कटरने कापलेले असल्यामुळे त्याच्यावर कोणाचाही संशय जात नाही. फळबाग योजनेचे अनुदान तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळते आणि तपासणीत झाड जिवंत आहे की नाही हेच पाहिले जाते; त्यामुळे झाड जगले म्हणजे बाग साधली अशी समजूत होते. प्रत्यक्षात पहिल्या तीन वर्षांत जो सांगाडा आणि जी मुळे तयार व्हायला हवीत ती झाली नाहीत, तर फळधारणा एक-दोन वर्षे मागे पडते आणि ती उणीव नंतर कितीही खत घालून भरून निघत नाही.

आधी दोष गवताचाच आहे का, हे तपासावे

वाढ खुंटण्याची कारणे अनेक असल्यामुळे कुदळ उचलण्यापूर्वी पाने नीट पाहावीत. गवतामुळे उपाशी राहिलेल्या झाडात बहुधा नत्राची कमतरता दिसते. ती जुन्या, म्हणजे खालच्या पानांपासून सुरू होते आणि पान शिरांसकट सारखे फिके पडते. याउलट शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या असतील, तर ती लोहाची कमतरता समजावी. गोदाकाठच्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत ती नेहमी आढळते आणि गवत काढल्याने ती जाणार नाही. पेरू आणि डाळिंब यांच्या मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमींचा विचार करावा लागतो. मातीला कुजट वास येत असेल आणि मुळ्या काळ्या पडल्या असतील तर पाणी साचते आहे. पिशवीतच गोल गुंडाळलेल्या मुळ्यांसह कलम लावले गेले असेल, तर झाड हाताने हलवल्यावर बुंध्यापाशीच सैल लागते.

ही कारणे बाजूला पडली की बुंध्यापासून साधारण फूटभर अंतरावर, पाणी दिल्याच्या दुसऱ्या दिवशी, वीतभर खोल आणि तितकाच रुंद खड्डा हाताने उकरावा. गवताने वेढलेल्या झाडाच्या बाजूचा काप पाहिला की वाद उरत नाही. वरचा तीन-चार बोटांचा थर गवताच्या बारीक पांढऱ्या मुळ्यांनी इतका विणलेला असतो की मातीचा तुकडा जाजमासारखा अखंड उचलून येतो, त्यातून हरळीच्या टोकदार, पेरापेराच्या पांढऱ्या काशा, म्हणजे जमिनीखालची खोडे, आडव्या गेलेल्या असतात आणि या थराच्या खालची माती, काल पाणी देऊनही, मुठीत दाबली तर लाडू न होता भुगा होते. झाडाच्या स्वतःच्या तपकिरी मुळ्या त्या थरात क्वचितच सापडतात. ज्या सापडतात त्यांची टोके थांबलेली असतात, त्यांवर ताजी पांढरी वाढ नसते. असा काप दिसला तर निदान झाले असे समजावे.

तरीही खात्री हवी असेल तर एकाच ओळीतील झाडे एकाआड एक निवडून त्यांची आळी, म्हणजे बुंध्याभोवतीचे गोल वाफे, पूर्ण स्वच्छ करावीत आणि उरलेली तशीच ठेवावीत. पाणी आणि खत मात्र सर्वांना सारखेच द्यावे. कलमाच्या जोडाच्या वर चार बोटांवर रंगाची खूण करून तेथील खोडाचा घेर दोऱ्याने मोजावा आणि तो लिहून ठेवावा. उंची फसवते, कारण एखादा सोट जोमाने वर जातो; घेर फसवत नाही. एका हंगामात दोन्ही गटांतला फरक डोळ्यांना दिसतो, आणि घरातल्या मोठ्यांना किंवा वाटेकऱ्याला पटवून द्यायला याहून चांगला पुरावा नाही.

गवत झाडाचे काय हिरावून घेते

नव्या कलमाच्या अन्न घेणाऱ्या बारीक मुळ्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मुख्यतः वरच्या फूटभर मातीत असतात आणि गवताच्या मुळ्याही तेथेच, पण कित्येक पट दाट असतात. जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे चौरस मीटरला एक लिटर पाणी, हा हिशेब लक्षात ठेवला तर पुढचे गणित सोपे आहे. उन्हाळ्यात ओलसर जमिनीवरचे हिरवे गवत दिवसाला पाच मिलिमीटर पाणी सहज उडवते, म्हणजे चौरस मीटरभर आळ्यातले गवत रोज पाच लिटर पिते. पहिल्या वर्षाच्या कलमाला आपण ठिबकने साधारण तेवढेच पाणी देत असतो. ठिबकमुळे पाणी वाचते हे खरे, पण ड्रीपरखालीच हरळीचे सर्वात हिरवेगार वर्तुळ असेल तर वाचवलेले पाणी कोणाच्या पोटात जाते हे उघड आहे. त्याच गवतात ड्रीपर झाकला जाऊन तो बंद पडल्याचे आठवडाभर कळत नाही, हा आणखी एक तोटा.

नत्राचेही तसेच आहे. वरून टाकलेला युरिया विरघळून पहिल्या इंचांमध्ये येतो तेव्हा त्याला भेटणाऱ्या मुळ्या गवताच्या असतात, आणि म्हणून खत घातले की झाडाऐवजी गवत माजते. आळे स्वच्छ होईपर्यंत खताचा पुढचा हप्ता रोखून धरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ठिबकातून सोडलेल्या खतालाही हेच लागू आहे.

ही गोष्ट आजची नाही. इंग्लंडमध्ये बेडफर्डशायरमधील वोबर्न येथे १८९४ साली ड्यूक ऑफ बेडफर्ड आणि स्पेन्सर पिकरिंग यांनी फळझाडांचे प्रायोगिक केंद्र सुरू केले आणि तेथे गवतात वाढवलेली सफरचंदाची कोवळी झाडे स्वच्छ जमिनीतल्या झाडांपेक्षा फारच मागे पडतात, हे त्यांनी वर्षानुवर्षे दाखवले. पिकरिंग यांचा समज असा होता की गवताच्या मुळांतून विषारी द्रव्य झिरपते. पुढच्या अभ्यासांनी मुख्य भर पाणी आणि नत्राच्या ओढाताणीवर दिला, तरी हरळी आणि लव्हाळ्याच्या अवशेषांतील काही द्रव्ये इतर रोपांची वाढ रोखतात, हेही प्रयोगांत दिसलेले आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने कारण कोणतेही असो, उपाय एकच निघतो: गवताची मुळे झाडाच्या मुळांच्या कक्षेत नसली पाहिजेत.

येथेच नेहमीची गफलत होते. गवत कापले की आळे नीटनेटके दिसते, पण जमिनीखालचा थर जागेवरच असतो आणि पुन्हा पालवण्यासाठी तो लगेच पाणी व नत्र ओढू लागतो. आखूड कापलेले, हिरवळीसारखे दाट झालेले गवत कोवळ्या झाडाला उंच गवतापेक्षा फार कमी त्रास देते असे मानण्याला आधार नाही. शिवाय ग्रास कटरच्या नायलॉन दोरीचा फटका बुंध्याला बसतो. बोटाएवढ्या जाडीच्या खोडाची साल एकदा चारही बाजूंनी सोलली गेली की ते झाड संपलेच. बुंध्याला टेकलेल्या गवतात उंदीर आणि घुशी आडोसा धरतात, लिंबूवर्गीय झाडांत बुंध्याशी सतत ओलावा राहून डिंक्याला, म्हणजे सालीतून डिंक गळण्याच्या रोगाला, आमंत्रण मिळते आणि डोंगरपट्ट्यात वाळलेले गवत फाल्गुन-चैत्रातल्या वणव्याला थेट झाडापर्यंत आणते.

काढलेले गवत परत का येते

परत येणाऱ्या गवतांत तीन नावे प्रमुख आहेत: हरळी, लव्हाळा आणि काळ्या रानातला कुंदा. या तिन्हींचा जीव जमिनीखाली असतो. हरळी आणि कुंद्याच्या काशांच्या प्रत्येक पेराला डोळा असतो, आणि म्हणून ओळींमधून रोटाव्हेटर फिरवणे ही या गवताची लागवड करणेच होय. काशांचे शेकडो तुकडे होतात, ते ओल्या मातीत पसरतात आणि पंधरवड्यात प्रत्येक तुकडा स्वतंत्र रोप होतो. पहिल्या पावसानंतर रान भुसभुशीत आणि सुरेख दिसते, पण श्रावण उजाडेपर्यंत पूर्वीपेक्षा दाट गवत उभे राहते. ज्या बागेत ही समस्या दरवर्षी वाढते आहे तेथे सर्वप्रथम यंत्राचा वापर तपासावा.

लव्हाळ्याची गोष्ट वेगळी आहे. तो दिसायला गवत असला तरी गवताच्या कुळातला नाही, आणि म्हणून फक्त गवत मारणारी औषधे त्याच्यावर चालत नाहीत. त्याच्या गाठी माळेसारख्या एकमेकींना जोडलेल्या असतात. वरची पात उपटली की गाठ खालीच राहते आणि पुन्हा कोंब काढते. पात वर आल्यापासून साधारण महिनाभरात नव्या गाठी धरू लागतात, त्यामुळे दोन निंदण्यांमध्ये दीड-दोन महिन्यांचे अंतर ठेवले तर आपण प्रत्येक वेळी उशिरा पोहोचतो. मल्चिंग पेपरलाही तो टोकदार कोंबाने भोक पाडून वर येतो.

त्याखेरीज बाहेरून येणारे बी आणि गाठीही आहेतच. अर्धवट कुजलेले शेणखत, धरणातला किंवा तलावातला गाळ, ओढ्याकाठचा पोयटा आणि रोपवाटिकेतली पिशवी हे चार मार्ग मला सर्वात घातक वाटतात. पिशवीतल्या मातीच्या कडेला लव्हाळ्याची एक पात दिसली तर ती केवळ खुडू नये; लागवडीपूर्वी कडेची माती अलगद सुटी करून गाठ शोधून काढावी, अन्यथा ती खड्ड्यात झाडाच्या अगदी मुळाशी जाऊन बसते आणि मग तिला काढणे जवळजवळ अशक्य होते.

काय करावे आणि केव्हा

सर्वात स्वस्त काम लागवडीआधीच्या उन्हाळ्यात होते. चैत्र-वैशाखात खोल नांगरट करून ढेकळे तापू द्यावीत, वखराने वर आलेल्या काशा वेचून बांधावर वाळवाव्यात आणि पूर्ण वाळल्यावर जाळाव्यात. त्या ओल्या असताना खतखड्ड्यात टाकणे म्हणजे त्या पुढच्या वर्षी शेणखतातून परत आणणे. सगळे रान तयार करणे जमत नसेल तर निदान खड्ड्यांच्या जागा निवडून, माती ओली करून त्यावर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे कडा मातीने दाबून ताणावे. उन्हाने तापलेल्या त्या मातीत बियांपासून उगवणारे तण आणि उथळ काशा बऱ्याच मरतात. लव्हाळ्याच्या खोल गाठी मात्र यातूनही वाचतात, म्हणून त्याच्या बाबतीत या उपायावर विसंबू नये.

झाड आधीच उभे असेल तर काम हातानेच करावे लागते, आणि ते वाफशावरच करावे. माती ओलीचिंब असताना काशा तुटतात आणि कोरडी असताना त्या सुटत नाहीत. बुंध्यापासून फूटभर अंतरापर्यंत खुरप्याने दोन बोटांपेक्षा खोल जाऊ नये. तेथील काशेचे टोक धरून ती ज्या दिशेने गेली आहे त्या दिशेने सावकाश ओढत माती मोकळी करत जावे, म्हणजे झाडाच्या मुळ्या तुटत नाहीत. त्याच्या बाहेर कुदळीने वीतभर खोल खणून माती चाळल्यासारखी पाहावी. आळे किमान एक मीटर व्यासाचे आणि शक्य असेल तर सव्वा मीटरचे स्वच्छ करावे, दुसऱ्या वर्षापासून ते झाडाच्या विस्ताराच्या थोडे बाहेर न्यावे. वीतभराचे गोल स्वच्छ करून बाकी सोडणे, जे बहुतेक ठिकाणी केले जाते, त्याचा उपयोग फार थोडा होतो.

आळे रिकामे ठेवले तर ते पुन्हा भरणारच, म्हणून त्याच दिवशी आच्छादन घालावे. निफाड-सिन्नरकडे उसाचे पाचट, इगतपुरी-त्र्यंबककडे भाताचा पेंढा, येवला-चांदवडकडे सोयाबीनचे भुसकट सहज मिळते. जे जवळ आहे ते वापरावे. थर दाबून आठ ते दहा सेंटीमीटर झाला पाहिजे, कारण दोन बोटांच्या थरातून हरळी हसत वर येते. आच्छादनाखाली द्राक्षांच्या पेट्यांचे जाड खोके, चिकटपट्टी आणि पिना काढून, कडा एकमेकांवर चढवून पसरले तर उजेड पूर्ण बंद होतो आणि एक हंगाम तरी हरळी दबते. नाशिकमध्ये खोक्यांना तोटा नाही. मात्र मुरमाड, वाळवीच्या जमिनीत खोके आणि पाचट दोन्ही वाळवीला बोलावतात. तेथे थर पातळ ठेवून महिन्यातून एकदा उचलून पाहावे. कोणत्याही जमिनीत बुंध्याभोवती चार-पाच बोटे जागा मोकळी राहिली पाहिजे, कारण बुंध्याला टेकलेल्या ओल्या आच्छादनाने साल कुजते.

आच्छादनाच्या कडेने हरळीचे धुमारे आत सरकतात, आणि चांगले केलेले काम वर्षभरात बिघडते ते बहुधा येथूनच. आळ्याच्या परिघावर कुदळीने वीतभर खोल अरुंद चर काढून ठेवावा आणि पावसाळ्यात दर पंधरा-वीस दिवसांनी त्या चरावरून एक फेरी मारून आत आलेले धुमारे उपटावेत. ही फेरी लहान असते, पण चुकवली की पुन्हा खणणे आले. लव्हाळ्यासाठीही हेच पंधरा-वीस दिवसांचे चक्र धरावे: प्रत्येक वेळी पात काढली की गाठीतील साठा खर्च होतो, आणि नव्या गाठी धरण्याआधीच पात गेल्यामुळे दोन हंगामांत त्याचा जोर स्पष्ट कमी होतो. हरळी आणि लव्हाळा दोघांनाही सावली सोसत नाही, म्हणून ओळींच्या मधल्या पट्ट्यात जूनमध्ये ताग किंवा चवळी दाट पेरणे हा मला सर्वात पसंत असलेला उपाय आहे. ताग फुलावर येण्याआधी कापून आळ्यात अंथरावा; तो आच्छादनही होतो आणि नत्रही देतो. हे पीक आळ्याच्या आत मात्र येऊ देऊ नये, कारण तेथे तेही गवताइतकेच भागीदार ठरते.

एक वेळ अशी आहे की जिला फारसे कोणी महत्त्व देत नाही, ती म्हणजे पाऊस उघडल्यानंतरचा ऑक्टोबर. पावसात गवताने पाणी पळवले तरी वरून भर पडत असते. पाऊस थांबला की जमिनीतली शिल्लक ओल हीच पूंजी उरते आणि गवत ती दिवाळीपर्यंत संपवून मोकळे होते. या काळात झाडाला वाढीची चांगली संधी असते. म्हणून हाताशी मजूर थोडेच असतील आणि वर्षातून एकच खुरपणी नीट होणार असेल, तर ती पाऊस ओसरताना करून लगेच आच्छादन घालावे.

तणनाशकाविषयी

मजुरी परवडत नाही हे खरे आहे आणि तणनाशकाचा मोह समजण्यासारखा आहे. तरी कोवळ्या झाडांच्या आळ्यात त्याचा वापर मी सुचवणार नाही. ग्लायफोसेट हिरव्या पानांतून आणि कोवळ्या, अजून हिरव्या असलेल्या सालीतूनही आत जाते व मुळापर्यंत पोहोचते. बुंध्याच्या एखाद्या फुटव्यावर तुषार पडला तरी सबंध कलम आजारी पडते. शिवाय केंद्र सरकारने २०२२ साली अधिसूचना काढून त्याचा वापर पेस्ट कंट्रोल ऑपरेटरांपुरता मर्यादित केला. पॅराक्वाट फक्त वरची हिरवी पाने जाळते, काशा आणि गाठी तशाच राहतात, म्हणजे विळ्यानेही झाले असते तेच काम होते. त्यावर उतारा नाही, आणि घोटभर पोटात गेले तरी जीव वाचणे फार कठीण असते, हे लक्षात घेता ते घरात ठेवूच नये. द्राक्षपट्ट्यात तर टू-फोर-डी या तणनाशकापासून विशेष जपावे: द्राक्षवेल त्याच्या अगदी थोड्या अंशानेही होरपळते, पाने पंख्यासारखी आखडतात, आणि वाऱ्याने उडालेला तुषार किंवा नीट न धुतलेला पंप एवढे कारण शेजाऱ्याचा हंगाम बिघडवायला पुरते.

उतारावरील बागा आणि पुढची वर्षे

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर आणि इगतपुरीच्या उतारांवर पाऊस इतका असतो की सगळे रान उघडे केले तर माती वाहून जाते. तेथे ओळींमधले गवत ठेवलेच पाहिजे. फक्त आळे स्वच्छ करावे, आळ्याची खालची कड दगड लावून उचलावी आणि मधले गवत बी धरण्याआधी कापून त्याचाच थर आळ्यात घालावा. हरळी किंवा कुंदा असेल तर कापलेले गवत दोन दिवस उन्हात वाळवून मगच अंथरावे, नाहीतर धुमाऱ्याची पेरे ओल्या आळ्यात मूळ धरतात.

आळे स्वच्छ झाल्यावर ठिबकाचीही जागा बदलावी. पहिल्या वर्षी ड्रीपर मुळांच्या गड्ड्यावर असणे योग्य, पण दुसऱ्या वर्षी दोन ड्रीपर करून ते बुंध्यापासून फूट-दीड फूट दूर, दोन्ही बाजूंना न्यावेत, म्हणजे मुळ्या बाहेर पसरतात. ते आच्छादनाखाली असतील तर आठवड्यातून एकदा हात घालून ओल तपासावी. खताचे हप्ते लहान करून याच ओल्या पट्ट्यात द्यावेत. मागे पडलेले झाड लगेच उसळी घेईल अशी अपेक्षा ठेवू नये. आधी मुळ्या वाढतात, त्यानंतर नवा फुटवा चांगला निघतो आणि खालची जुनी पिवळी पाने हिरवी न होता गळून पडतात, यात घाबरण्यासारखे काही नाही. नवी पाने मोठी आणि गडद आली की खोडाचा घेर पुन्हा मोजावा.

आंबा किंवा चिकू यांच्या बाबतीत चौथ्या वर्षानंतर झाडाची स्वतःची सावली बुंध्याभोवती पडू लागते आणि मुळ्या गवताच्या थराखाली उतरलेल्या असतात. तेव्हा आळ्याची इतकी काटेकोर राखण सैल केली तरी चालते. पेरू आणि डाळिंब यांसारख्या जवळ लावलेल्या व छाटणीत ठेवलेल्या झाडांना मात्र सावली कमी आणि मुळ्या उथळ असतात, त्यामुळे त्यांच्या ओळींखालचा पट्टा बाग उत्पादनात असेपर्यंत आच्छादित ठेवावा.